बाबांच्या जीपचं टोपडं

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (अगदी खरोखरचा वाकून. कंबर अजून सरळ होत नाहीये. का ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढतोस की अजून लिफ्टची वाट बघत उभा राहतोस? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल. मी खुशाल, आमचे हे खुशाल, दुकानातली दोन्ही मशीनं खुशाल. कागदाच्या कोपऱ्यात जो काळा अंगठा उमटलाय तो सही समजू नकोस. तो हात तीनदा साबणाने धुतल्यानंतरचा आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतोस, आणि या गोष्टीत मधे बोललेलं मला परवडणार नाही.

तर दादा, ऐक. घट्ट धरून बस. बाबांची जीप चालू झाली! चालू म्हणजे नुसती गुरगुरली नाही, धावली! टेकडी चढली, ओढा ओलांडला आणि आईला घेऊन पलीकडच्या घरापर्यंत गेली! मला इतका आनंद झालाय की काल एका गिऱ्हाइकाच्या पँटला मी तीन पाय शिवायला घेतले होते, ह्यांनी वेळेवर थांबवलं.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील ही नेहमीसारखी शेपटाकडून सुरू करते. गेल्या खेपेला तू आलास, दुकानामागच्या शेडमध्ये गेलास, जीपच्या चाकाला बुटाने टोचलंस आणि म्हणालास, 'द्या हो भंगारात, उगाच जागा अडवलीय.' आठवतंय? तू हात झटकून चहाला बसलास, पण आई उठून आत गेली. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, थंडी सुरू होईपर्यंत जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्या, मग उजेड आणि सावली एवढंच. (हे तुलाही सांगितलं होतं. तू 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू' म्हणालास. दाखवलं. दुसरेही तेच म्हणाले, फक्त जास्त गोड आवाजात.) त्यावर आईने काही रडारड केली नाही. तिची आपली एकच मागणी, बाबांनी हाताने बांधलेलं टेकडीपलीकडचं घर एकदा डोळे भरून बघायचं. आता तिथे जायला रस्ता नाही, नुसते दगडधोंडे आणि ओढा. चालत जायला तिचे पाय नाहीत. जीपशिवाय तिथे पोचलेलं वाहन मी जन्मात पाहिलेलं नाही. तुझी गाडी तर खडा दिसला तरी पोट आवळते. म्हणून म्हटलं, जीप भंगारात जाईल तेव्हा जाईल, आधी ती आईला घेऊन जाईल.

मग वस्तादला बोलावलं. वस्ताद म्हणजे चौकातला गॅरेजवाला, आडवा माणूस, पोट आधी येतं आणि मागून तो. त्याचं म्हणणं असं, की या भागात त्याच्या हाताखालून न गेलेली गाडी म्हणजे एकतर सायकल किंवा खोटं. आल्या आल्या त्याने एक लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसला. आता इंजिन बंद. दोन पावसाळे बंद. मी म्हटलं, वस्ताद, काय ऐकताय? तर हात वर करून म्हणाला, 'शांतता ऐकतोय, ताई.' त्यानंतर त्याने सांगितलं की काही विशेष नाही, आत जरा तेल सोडू, चार दिवस मुरू देऊ, की बया उठून बसेल. चार दिवस मुरवलं. आठ दिवस मुरवलं. लोणचं झालं असतं एव्हाना. शेवटी इंजिन उघडलं तेव्हा आतल्या ठोकळ्याला माझ्या नखापासून कोपरापर्यंत भरेल एवढा तडा! वस्ताद म्हणाला, मला पहिल्या दिवशीच संशय आला होता. (त्याला सगळे संशय पहिल्या दिवशीच येतात, सांगतो मात्र शेवटच्या.) थोडक्यात दुरुस्ती संपली, आता दुसरं इंजिन शोधायला हवं.

दादा, मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या बापाची काय अवस्था होते ते मला या दिवसांत कळलं. एक इंजिन पाहिलं, ते दिसायला चांगलं पण धुरकट. दुसरं पाण्याच्या पंपाचं, त्याला एका जागी बसून राहायची सवय. तिसऱ्याचा मालक म्हणाला, फार गुणी इंजिन आहे, आणि ते सुरू केल्यावर स्वतःच गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी हात टेकले. आणि तेव्हाच, अगदी काखेत कळसा म्हणतात ना तसं, एक स्थळ समोर आलं. काय सांगू तुला! घराणं चांगलं. एकहाती वापर. मालक परगावी असतो, वर्षाकाठी दोनदा येतो, गाडी पुसतो, कौतुकाने गल्लीला एक चक्कर मारतो आणि परत झाकून ठेवतो. (माणूस तापट आहे पण मनाने वाईट नाही, असं आईचं मत. मी त्यावर काही बोलत नाही.) वस्तादने पेचकस लावून ऐकलं, आणि यावेळी इंजिन चालू असल्यामुळे त्याला खरोखर काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ताई, हे आणि जीपचं एका आईची लेकरं आहेत, दोन बोल्ट सोडले तर सगळी भोकं जुळतात. मालकाची परवानगी? घेतोय ना. तेही पुढे येईल.

शेडच्या तुळईला चेन-पुली टांगली. साखळी ओढायला मी आणि हे, सूचना द्यायला वस्ताद. (माझी कंबर ती इथे गेली.) इंजिन हवेत लटकलं आणि अलगद गोल फिरायला लागलं, आणि खरं सांगते, ते इतकं देखणं दिसत होतं की आम्ही तिघेही साखळी धरून नुसते बघत राहिलो. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, तीही टाळ्या वाजवायला लागली.

आता येते आमच्या ह्यांची कामगिरी. ते जे दोन बोल्ट जुळत नव्हते त्यांच्यासाठी इंजिन ज्यावर बसतं ते लोखंडी पाय नव्याने करायचे होते. वेल्डरला माप हवं होतं. आता माप म्हटल्यावर आमच्या घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय आहे का? गळ्यातली टेप काढून ह्यांनी जीपचं माप घेतलं, इंजिनाचं माप घेतलं, (वस्तादच्या पोटाचंही घेतलं, सवयीने,) आणि पुठ्ठ्याचे नमुने इतके सुबक कापले की वेल्डर म्हणाला, असं काम मी पाहिलं नाही. त्याने नमुन्याबरहुकूम पाय बनवून दिले. बसवले. इंजिन बसवलं. आणि बॉनेट लावायला गेलो तर लागेचना! इंजिन आपलं टाचा उंचावून जत्रा बघणाऱ्या पोरासारखं वर डोकावतंय. वस्ताद ह्यांच्याकडे बघतो, हे टेपकडे बघतात. शेवटी उलगडा झाला. ह्यांनी प्रत्येक बाजूला इंचभर माया सोडली होती! शिवणीत सोडतात तशी! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, लोखंड आहे ते, धुतल्यावर आटणार आहे का? तर हे शांतपणे म्हणतात, 'घट्ट झालं असतं तर काय केलं असतंस? सैल कधीही टाचता येतं.' या माणसाबरोबर मी अर्धं आयुष्य काढलंय, दादा, याची कधीतरी नोंद घे.

वेल्डर तोवर दुसऱ्या गावी कामाला निघून गेलेला. थांबायला वेळ नव्हता, कारण आईने त्या सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि डबा चुकला असं हसून म्हणाली होती, पण डबा चुकला नव्हता, दिसला नव्हता. म्हणून निर्णय घेतला. वस्तादने गिअरबॉक्सखाली पाचर ठोकून त्यालाही वर घेतलं, बॉनेटला चौकोनी भोक पाडलं, आणि उघड्या राहिलेल्या भागावर ह्यांनी जाड कॅनव्हासचं टोपडं शिवलं. चांगलं दुहेरी शिलाईचं, बटणं लावलेलं, पावसाचं पाणी जायला पन्हळ काढलेलं. आत एक खिसाही आहे. इंजिनाला खिसा कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले असू दे, लागतो.

आणि मग चावी फिरवली! अरे, काय तो आवाज! पहिल्याच झटक्यात! काचा हादरल्या, शेजारची मांजर भिंतीवरून जी गेली ती अजून आलेली नाही, आणि मागून धुराचा असा लोट निघाला की इस्त्रीसाठी टांगलेले हॉटेलच्या वाढप्यांचे सगळे पांढरे कोट राखाडी झाले. (हॉटेलवाला आला तेव्हा हे म्हणाले, डाग दिसत नाहीत या रंगावर. तो विचारात पडलाय.) वस्ताद नाचला. त्याच्या अंगकाठीचा माणूस नाचतो तेव्हा बाकीच्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. मी चालवायला, शेजारी आई, तिच्या पाठीशी बाबांची जुनी उशी. मागे वस्ताद, एका हाताने इंजिनाला पाणी पाजणारी नळी धरून, आणि हे, सुईदोरा घेऊन. टेकडी चढताना मी ओरडत होते, वस्ताद ओरडत होता, गाडी आमच्याहून मोठ्याने ओरडत होती. ओढ्यापर्यंत सगळं सुरळीत. ओढ्याच्या मधोमध चाकं फिरायला लागली ती जागच्या जागी! वस्ताद म्हणे, जोर द्या. हे म्हणाले, उतरून ढकलू. पाणी पायाशी आलं. वाटलं संपलं, आता आईला पाठीवर घेऊन परत जायचं आणि ती पुन्हा आत जाऊन बसणार. तेवढ्यात आई म्हणाली, 'अगं, तो बुटका दांडा मागे ओढ की. तुझे बाबा इथेच ओढायचे. आणि ओढताना एक शिवी द्यायचे.' चारही चाकांना जोर देणारा दांडा! आम्हा तिघा शहाण्यांना त्याचा पत्ता नाही! मी दोन्ही हातांनी ओढला. शिवी मला सुचेना, तर आईनेच दिली. दादा, आपल्या आईने! जी आपल्याला 'गाढवा' म्हटल्यावर देखील तोंड धुऊन यायला लावायची! अशी दिली की वस्तादने नळी सोडली. आणि जीप उसळून पलीकडे!

घरासमोर गाडी थांबवली. आई उतरायच्या आधीच म्हणाली, खिडक्यांचा रंग उडालाय गं. बस, एवढंच. पण दादा, तिला दिसलं होतं! बसल्या जागेवरून खिडकीचा रंग दिसला होता! मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले, लाज वाटली नाही. हे टोपड्याची बटणं उगाच काढून लावत बसले. नंतर ती बाबांनी केलेल्या बाकावर, तोच, ज्याचा एक पाय आखूड आहे, दुपार उलटेपर्यंत डुगडुगत बसली आणि एकेक गोष्ट नीट बघत राहिली. निघताना म्हणाली, पुढच्या वेळी रंगाचा डबा घेऊन येऊ.

आता पुरे करते, वाढप्यांचे कोट धुवायचेत. वहिनींना नमस्कार, तुला लोटांगण, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
धाकटी

ता.क. तू जाताना बजावलं होतंस की गाडी दर आठवड्याला सुरू करत जा, नाहीतर इंजिन खराब होतं. अजिबात काळजी करू नकोस. तुझं इंजिन आता रोज सुरू होतं.

ता.क. दुसरं. तुझी गाडी शेडमध्ये व्यवस्थित झाकलेली आहे. पुसलेलीही आहे. पुढून थोडी वर उचलल्यासारखी दिसते, ते वजन कमी झाल्यामुळे. मालकाची परवानगी घेतोय असं वर लिहिलंय ना, ती या ओळीत घेतली. दादा, मधे बोलू नकोस, अजून एक ता.क. आहे.

ता.क. तिसरं. हे आई सांगतेय आणि मी लिहितेय. 'कल्पना माझी आहे, तिला बोलू नकोस. पोरीने आधी कानावर हात ठेवले होते, मीच चावी काढून दिली. तुला राग येणार हे मला माहीत आहे. येऊ दे. पण फोनवर रागावू नकोस, मला काही ऐकू कमी येत नाही. इथे येऊन समोर उभा राहून रागाव. घर बघून झालं. आता तुला बघायचंय, आणि तुझं रागावलेलं तोंड मला लहानपणापासून आवडतं. थंडीच्या आत ये.'

ता.क. शेवटचं. बसने ये. परत स्टँडवर सोडायला आता फक्त जीप आहे आणि तिची चावी आईकडे, त्यामुळे नेहमीसारखी दुसऱ्या दिवशी पळायची घाई करता येणार नाही. (हेही आईनेच आधी हिशेबात धरलं होतं.) स्टँडवर घ्यायला मी येते. जीप लांबूनच ओळखशील, टोपडं घातलेली तेवढी एकच आहे, आणि पुढच्या सीटवर आई असेल, डोळे ताणून प्रत्येक बसकडे बघत.