पाखऱ्याचं कातडं

सिंदी मेघे
१२ जून २०२४

चि. कैलासला जयाताईचे अ. उ. आ.

फोनवर तुला आता माझं काहीच ऐकू येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तुमच्या गावाकडे निघालेल्या बंडूजींबरोबर बूट पाठवते आहे. घोट्याच्या वर येणारे, नाड्या बांधायचे. तळ चिकटवलेला नाही, शिवलेला आहे. तू भेंडीच्या वाफ्यात अनवाणी हिंडतोस आणि तुमच्याकडे घोणशी किती निघतात ते मला ठाऊक आहे. जीव टांगणीला लागतो रे.

ओमप्रकाश म्हणून इथले कारागीर आहेत, त्यांनी शिवले. आपोआप मेलेल्या गुराचंच कातडं वापरतात. माझा भाऊ समुद्रपूरकडे असतो म्हटल्यावर म्हणाले, हे कातडं तिकडचंच. मारलेल्या जनावराचं तुला चालायचं नाही, म्हणून मुद्दाम विचारून घेतलं.

गोपिकाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझी ताई

समुद्रपूर
३ जुलै

ती. जयाताईले कैलासचा सा. न. वि. वि.

बूट भेटले. वजनदार हायेत, तू पारखून घेतले हे दिसते. पण खरं सांगतो, ते माझ्याच्यानं घातले जात नाई. होळीच्या आधी आपला पाखऱ्या बैल गेला. चौदा वर्सं औताले होता. मी त्याले वावरातच पुरणार होतो, पण खोदाले माणूस भेटला नाई अन् कातडंवाले गाडीत टाकून घेऊन गेले. बुटाले त्याच्या कातड्यासारखीच तांबूस झाक हाय.

गोपिका म्हणते, काऊन असं येड्यावानी करता. एकदा पाय घातला अन् तसाच काढला. रागावू नको. माया हाय तेवढी राहू दे.

तुझा कैलास

सिंदी मेघे
११ जुलै

चि. कैलासला अ. उ. आ.

हसू की रडू कळेना. तालुक्यात तेवढा एक पाखऱ्याच मेला का? आणि समज, असलाच तो, तर जन्मभर तुझ्यापुढे चालला, आता पाय सांभाळील. मी चौकशी करून लिहिलं नसतं तर निमूट घातले असतेस. माझ्या गळ्याची शपथ आहे, वापर.

ताई

सिंदी मेघे
२९ सप्टेंबर

सौ. गोपिकाला अ. आ.

कैलास घरी नीट पोहोचला ना? दवाखान्यात त्याच्यासमोर हे बोलता आलं नाही. घोणस डसली तेव्हा तो अनवाणीच होता, हे तू सांगितल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. डाव्या पायाचा पंजा कापावा लागला तो ‘कातडं तिकडचंच’ या माझ्या एका वाक्यापायी.

काल ओमप्रकाशांना खोदून विचारलं. खाली बघत म्हणाले, कातडं म्हशीचं, बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याकडून गठ्ठ्यानं येतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून समुद्रपूरचं नाव घेतलं.

कैलासला हे कळू देऊ नकोस. पाखऱ्यासाठी पाय गेला असं तो मानतो, तेवढं तरी त्याच्याजवळ राहू दे. वाचून हे चुलीत घाल.

तुझी जयाताई

समुद्रपूर
८ ऑक्टोबर

ती. जयाताईले सा. न. वि. वि.

गोपिकाले लिहिलेलं तुझं पत्र मलेच भेटलं. ती सांभार तोडून जुड्या बांधाले गेलती अन् मी आता दिवसभर दारातच बसून राह्यतो. अक्षर तुझं दिसलं म्हणून फोडलं.

कातडं म्हशीचं, अन् मी बैलासाठी पाय देऊन बसलो. तुझ्यावर राग नाई, त्या ओमप्रकाशवर बी नाई. माझाच मले येते. गोपिकाले काही सांगितलं नाई. पत्र चुलीत घातलं.

आज सकाळी उजवा बूट घातला. नाड्या घट्ट बांधल्या अन् काठी घेऊन वाफ्यापर्यंत गेलतो. बूट चांगला हाय, ताई. पक्का हाय.

येजो एकदा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा कैलास