परत आलेली पाळी

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या शाळेच्या बसमधल्या पोरांचे प्रताप वाचून पुष्कळ दिवसांनी हसले. मी फोनवर मोकळं बोलत नाही अशी तुझी तक्रार. फोन आला की हे शेजारीच येऊन बसतात, आणि ह्या गोष्टी त्यांच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटत नाही.

पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. वाटलं होतं, सुटले एकदाची. कसलं काय, आगीतून फुफाट्यात. दातांच्या लॅबमध्ये कवळीचं मेण वितळायच्या आधी मीच वितळते. रात्री झोप नाही, दिवसा डोकं जागेवर नाही. परवा एका आजोबांच्या कवळीत खालचे दात वर बसवले. मालकांनी ती कवळी आणून माझ्यापुढे ठेवली. ताई, मला भीती वाटते गं. दात बसवण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वयाचं आहे म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. म्हणून आता एका केंद्रात जाते. फंक्शनल मेडिसिन म्हणतात त्याला. तिथल्या मॅडमनी तासभर ऐकून घेतलं, मी रडले तर रडू दिलं. आम्ही आजाराच्या मुळाशी जातो म्हणाल्या. तपासण्यांचा संच घरी आलाय. दिवसातून चारदा नळीत थुंकायचं, आणि कागदाच्या पट्ट्यांवर लघवी घेऊन त्या वाळवायच्या. पट्ट्या मी चिमटे लावून खिडकीत टांगल्या, तर ह्यांना वाटलं भिंतींसाठी रंगाचे नमुने आणलेत. पिवळा बरा दिसेल म्हणाले.

कळावे. माया करतेस तशीच करत राहा.
तुझी,
ठमी


१५ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिवळा रंग वाचून मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसले. पोरांना वाटलं बाईंना झालंय काय.

माझ्या वेळी मी मानेला ओला नॅपकिन गुंडाळून बस हाकली. चिडचिड इतकी की सिग्नलवरही आवाज चढायचा. आपल्या आईचं तर कोणी पाच मिनिटंही ऐकलं नाही. तेव्हा तुझं कोणी तासभर ऐकत असेल तर मी नाव ठेवणार नाही. फक्त एवढं विचारते, त्या मॅडम बायकांच्या डॉक्टर आहेत का? थुंकी आणि लघवी तपासता तपासता दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं होऊ देऊ नकोस.

दूध घेत जा. मेहुण्यांना सांग, घराला पांढराच रंग चांगला.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज आनंदाची बातमी आहे, बसून वाच. तपासणीत माझे हार्मोन्स अगदीच रसातळाला गेलेले निघाले. निकालाचं लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचं भलंमोठं पुस्तकच दिलं. मग सकाळी पावडर, रात्री वनस्पतींचे थेंब, आणि दूध बंद. तू रागावशील, पण बंद. हळूहळू झोप लागायला लागली. कवळ्या पुन्हा सरळ बसतात.

आणि ताई, माझी पाळी परत आली! मॅडमना कळवलं तर फोनवरच त्यांचा आवाज फुलला. शरीर मागे वळतंय म्हणाल्या. केंद्रात शनिवारी आम्ही सगळ्या जमतो, तिथे मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केकचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी तर मिठीच मारली आणि कुठले थेंब ते विचारून हातावर लिहून घेतलं. माझं असं कौतुक शाळेतसुद्धा कधी झालं नव्हतं. अशीच मागे मागे गेले तर लवकरच तुझी मुलगी शोभेन.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
ठमी


९ जुलै

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. पोरांना शाळेत सोडून तशीच आमच्या डॉक्टरांकडे गेले. वर्ष उलटून गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर त्याला पाळी म्हणायचं नाही, असं ते म्हणाले. कधी साधं कारण असतं, कधी कर्करोग. आधी सोनोग्राफी करायची आणि गर्भाशयाच्या आतला तुकडा काढून तपासायचा. किती दिवस जातंय हे त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.

ठमे, एवढ्या तपासण्या केल्यास, ही एक माझ्यासाठी कर. काही निघालं नाही तर मला आयुष्यभर घाबरट म्हण, मी ऐकून घेईन.

उलट टपाली उत्तर धाड.
काळजीत असलेली,
ताई


२० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मला फार घाबरवलंस. लॅबमधून तशीच केंद्रात गेले. मॅडमना पत्र वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या की दवाखान्यातले लोक आधी भीती घालतात आणि मग पिशवी काढतात. थांबलेली नदी वाहती झाली की आधी गढूळच येते. आणि मध्येच दुसरी औषधं सुरू केली तर पुढच्या तपासणीचे आकडे बिघडतील. ती होईपर्यंत मी कुठेही जाणार नाही.

तुला माझं चांगलं बघवत नाही असं मी म्हणत नाही. पण ताई, कितीतरी दिवसांनी मला आरशात बघावंसं वाटतंय. ते तरी मला राहू दे. ह्या विषयावर आता लिहू नकोस.

राग मानू नये, लोभ कमी करू नये.
तुझी,
ठमी


२६ ऑगस्ट

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, पत्राला उत्तर नाही. मी मेहुण्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की हा बायकांचा विषय आहे आणि ती खुशीत आहे. पालथ्या घड्यावर पाणी. ठमे, रक्त अजून जातंय का? फक्त हो किंवा नाही लिही. सुट्टी लागली की मी येते आणि तुला ओढत नेते.

तुझी,
ताई


१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं ह्यांनी सांगितलं. मी लॅबमध्ये पडले नसते आणि मालकांनी उचलून इस्पितळात नेलं नसतं, तर अजूनही पुढच्या तपासणीची वाट बघत बसले असते. तू आलीस, माझं सगळं केलंस, आणि मी म्हटलं नव्हतं का असं एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी उलट बोलले असते, तू चिडली असतीस, आपण दोघी रडलो असतो.

तू गेल्यावर मोठे डॉक्टर येऊन गेले. कर्करोग फुप्फुसापर्यंत गेलाय, त्यामुळे आता शस्त्रक्रिया नाही, दुखणं सुसह्य करायचं एवढंच. जुलैतच आले असते तर काय झालं असतं, हे मी विचारलं. तेव्हा बहुधा पिशवी काढून भागलं असतं, म्हणाले. खरं सांगते, मला मरायचं नाही. मला फार राग येतोय, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही. ह्यांच्यावर काढते. ते बिचारे ऐकून घेतात.

एक काम मात्र केलं. शनिवारच्या ज्या बायकांचे पत्ते होते, त्यांना पत्रं लिहिली. असं रक्त परत आलं तर ती पाळी नव्हे, आधी इस्पितळ गाठा, माझ्याकडे बघा, असं स्पष्ट लिहिलं. बाकी कोणाचं उत्तर नाही. केकवाल्या बाईंचं काल आलं. अगदी प्रेमाने लिहिलंय. मी उपचार मध्येच सोडले म्हणून असं झालं असं मॅडम म्हणतात. केकवाल्या बाई माझ्यासाठी प्रार्थना करणार आहेत. त्यांचीही पाळी परत आली आहे, गेल्या शनिवारी त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या. आणि माझे थेंब उरले असतील तर त्यांना हवेत, कारण मला आता त्यांचा उपयोग नाही.

मी बाटली मोरीत ओतून टाकायला लावली. पण केंद्रात तसल्या कपाटभर बाटल्या आहेत, ताई, आणि शनिवार दर आठवड्याला येतो.

कळावे. लोभ आहे, तो मला शेवटपर्यंत पुरव.
तुझी,
ठमी