चाचणी यशस्वी

२ सप्टेंबर, सोमवार
प्राचार्यांनी बोलावलं. हजेरी, मार्क, रजा, कॉलेजचं सगळं आता ऑनलाइन. समन्वयक मी. इतकी वर्षं इतिहास शिकवल्यावर कोणीतरी माझी बुद्धी ओळखली. उपप्राचार्य महिनाअखेरीस निवृत्त होतायत. हे काम झालं की ती खुर्ची माझीच. प्राचार्य तसं बोलले नाहीत, पण हसले. मला हसणं वाचता येतं.
घरी हिला सांगितलं. ही आमच्याच कॉलेजात गणित शिकवते. म्हणाली, तुम्हाला ईमेलला फोटो जोडता येत नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

४ सप्टेंबर, बुधवार
संकल्प: रोज सकाळी मॅन्युअल वाचायचं. आज मुखपृष्ठ पाहिलं. सुमार.
कंपनीचा माणूस येऊन गेला. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, एवढंच. भित्रा. स्टाफरूममध्ये वायफाय फक्त बेसिनपाशी येतं, त्यामुळे अख्खा अर्थशास्त्र विभाग तिथे उभा. कुणाचेही हात धुऊन झालेले नाहीत.

९ सप्टेंबर, सोमवार
स्टाफला ट्रेनिंग दिलं. काय ही माणसं! रसायनवाल्यांनी पासवर्ड विसरू नये म्हणून फळ्यावर लिहून ठेवला. भूगोलवाल्यांनी माउस उलटा धरला आणि म्हणाले, बाण दक्षिणेला जातोय. गाढवापुढे वाचली गीता. मधेच माझंही लॉगिन होईना. सर्व्हरचा दोष. हिने येऊन कॅप्स लॉक काढला आणि योगायोगाने त्याच क्षणी सर्व्हर सुधारला.

१२ सप्टेंबर, गुरुवार
रोगाचं मूळ सापडलं. बटणं इंग्रजीत आहेत! कंपनीवाल्याला मराठी नावं मीच काढून दिली. ट्रायल म्हणजे चाचणी. युनिट टेस्ट म्हणजेही चाचणी. तो म्हणाला, सर, दोन बटणांना एकच नाव पडतंय. म्हटलं, ज्याला भाषेची जाण आहे त्याला संदर्भाने कळतं. त्याने तसंच लिहून घेतलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार
कुठलीही गोष्ट आधी स्वतः करून पाहायची, हा माझा स्वभाव. 'चाचणी' दाबलं. खोटे मार्क भरायचे होते. मुलांची नावं घातली तर घोळ होईल, म्हणून खबरदारी घेऊन स्टाफचीच घातली. प्राचार्य: वीसपैकी चार, शेरा: वाचतात, समजत नाही. भूगोलवाले: शून्य, शेरा लिहायची गरज नाही. हिला सात, शेरा: प्रश्न फार विचारते. तळाशी स्वतःचं नाव, वीसपैकी वीस. 'पाठवा' दाबलं. पडद्यावर आलं: चाचणी यशस्वी. अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोन थांबत नाही. ती ट्रायल नव्हती, दुसरी चाचणी होती, युनिट टेस्टची. निकाल सगळ्या मुलांना गेला. पालकांना गेला. विद्यापीठालाही गेला. कंपनीवाल्याला म्हटलं, परत बोलाव. म्हणाला, सर, गेलेला मेसेज परत येत नाही. कसली डोंबलाची टेक्नॉलॉजी! फाटकापाशी मुलांनी मला पाहून टाळ्या वाजवल्या. नोकरीत पहिल्यांदाच.
हिने जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी मोबाइल उघडा ठेवला. पडद्यावर: सात, प्रश्न फार विचारते.

१६ सप्टेंबर, सोमवार
प्राचार्यांना समजावलं. दोष भाषेचा, माझा नाही. शिवाय मेसेज एकालाही चुकला नाही, म्हणजे यंत्रणा उत्तम. खुर्चीचा विषय काढणार, तेवढ्यात त्यांनी उठून दार उघडून धरलं. एवढा मान ते सहसा कुणाला देत नाहीत. समन्वयकाचं काम तात्पुरतं हिच्याकडे दिलंय. मला मोठ्या कामासाठी मोकळं ठेवत असावेत.

७ ऑक्टोबर, सोमवार
उपप्राचार्यपद हिला मिळालं. घरातच आलं ना, असं सगळ्यांना सांगतोय. खरं म्हणजे फार लागलंय.
मोठी रजा टाकायची ठरवली. अर्ज ऑनलाइन भरायचा, तो जमेना. सकाळी चहाच्या वेळी हिला तोंडी विचारलं. म्हणाली, ऑफिसचं ऑफिसात. म्हणून केबिनपाशी गेलो. आत भूगोलवाले बसलेले. ही म्हणाली, अहो, जरा बाहेर बसा, बोलावते.
बाहेरच्या बाकावर हजेरी कमी पडलेली मुलं होती. एका मुलीने सरकून जागा दिली. हळूच विचारलं, सर, तुम्हालाही आईवडिलांना घेऊन यायला सांगितलंय का? नाही म्हटलं. म्हणाली, मग फार नाही रागावणार मॅडम.