उतरवलेल्या तीन तारा

अण्णा, तक्रार गंभीर आहे, म्हणून प्रस्तावना गाळतो. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखं लावायचं एक बोटभर यंत्र हल्ली मिळतं. तार सुरात असली की हिरवा दिवा, नसली की लाल. माझ्या यंत्राला सहाच ठरावीक सूर ठाऊक आहेत आणि गेले दोन महिने ते मला रोज सकाळी लाल दिवा दाखवून बेसूर ठरवतं. तुम्ही होतात तेव्हा निदान कारण सांगून ओरडायचात.

पालघरचं आपलं स्वयंपाकघर. आई विळीवर नारळ खवते आहे, तुम्ही पाटावर नववीचे संस्कृतचे पेपर पसरून बसला आहात आणि मी दारात गिटार घेऊन उभा. गिटार तुम्हीच आणलेली, मी दहावी झालो म्हणून. नातेवाइकांना मात्र ‘वीणेची चुलत बहीण’ अशी ओळख करून द्यायचात. मी दोन तारा छेडल्या. तुम्ही लाल पेन्सिल न थांबवता म्हणालात, “उतरलेलं वाद्य आणि उतरलेलं तोंड घेऊन माझ्यापुढे यायचं नाही. आधी लाव.” आई म्हणाली, “अहो, मग त्याला जेवायला कधी बोलवू?” तेव्हापासून तार उतरू देणं हे मी चपला घालून देवघरात शिरण्याइतकं पाप मानत आलो.

मागच्या वर्षी माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांनी असहकार पुकारला. कोपरातली शीर दबली आहे, असं बोईसरचे डॉक्टर म्हणतात. शीर कधी सुटेल हे विचारलं तर खिडकीबाहेर बघतात. कारखान्यातलं माझं काम दोन बोटांवाचून चालतं, पण गिटारवर तारा दाबायला ती हवीतच. तीस वर्षं जे केलं ते संपलं, असं धरून मी गिटार तारापूरच्या एका ओळखीच्या दादांना द्यायला गेलो. ते होडीवर जातात आणि लग्नसराईत बेंजो वाजवतात. जाळ्याच्या दोरात सापडून त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर गेलंय, हे माहीत असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

ओट्यावर वहिनी बोंबील निवडत होत्या. दादांनी माझा हात उलटसुलट पाहिला. “सर, तुमची दोन बोटं रुसली हायत. तारा नाय रुसल्या. मंग बोटांना कशाला वर चढवता? तारांना खाली बोलवा.”

“म्हणजे उतरवायच्या?” मी विचारलं. माझा आवाज बहुधा तुमच्यासारखा निघाला असावा.

“तीनच. वरची जाडी आन् खालच्या दोन बारीक. एकेक सूर. मी पेर गेल्यावर मोबाइलवर बघून शिकलो.”

“आदी सरांना चा तरी द्या,” वहिनी म्हणाल्या. “तोंड बगा, कुनी मेल्यासारखं झालंय.”

दादांनी खुंट्या पिळल्या आणि एकही तार न दाबता, मोकळ्या हाताने सहाही तारांवरून अंगठा फिरवला. अण्णा, सा प सा म प सा. तंबोऱ्यात पंचम लावतात, नाहीतर मध्यम. इथे दोघे शेजारी शेजारी बसले होते आणि भांडत नव्हते, नुसते थरथरत होते. गंधार नाहीच, त्यामुळे आनंदी व्हावं की उदास हे कोणी ठरवून देत नाही. उभयपदी धातूसारखं ते दोन्हीकडे चालतं. वहिनींचा निवडणारा हात थांबला. लाकडाची एक पेटी, माझ्याजवळ तीस वर्षं असलेली, आणि आत हे होतं! मी एका बोटाने एकच तार दाबली, बाकीच्या पाच तिच्यामागे आपोआप उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बोंबलांच्या वासावर ढकललं.

गिटार परत घरी आली. इंग्रजीत याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. तुम्ही ‘विवृत’ म्हणाला असतात, तोंड पूर्ण उघडून उच्चारायचं म्हणून, आणि मग उदाहरणादाखल ‘आ’ करून दाखवला असतात. त्या ओट्यावर मी तसाच बसलो होतो. आता कधी कधी मध्यमाची तारही अर्धा सूर खाली घेतो, म्हणजे तिचा गंधार होतो आणि खोलीत ऊन आल्यासारखं वाटतं. उतरणं म्हणजे बिघडणंच, हे तुमचं व्याकरण मी मोडलं. लाल पेन्सिल चालवायची तर चालवा.

हे सगळं तुमच्या सुनेला वाचून दाखवता आलं असतं, पण पुढचं वाक्य तिच्यासमोर म्हणता येत नाही, म्हणून ते तुम्हाला लिहितो. तुम्ही कोणाला सांगणार नाही. गेल्या आठवड्यापासून उजव्या हाताची करंगळीही बधिर असते. तारा हव्या तितक्या उतरवता येतील, पण छेडायला एक हात लागतो. डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.