दोनशे बारापैकी एक

भोर, २८ एप्रिल १९७४

प्रिय सोपान,

हृदयरोगाच्या परीक्षेला अकरा दिवस उरलेत, म्हणून तुझी कार्डं वहिनी पार्सलनं पाठवतेय. दोनशे बारा होती, दोनशे अकरा भरतील. एका कार्डासाठी चिडू नकोस, चिडायचं काम आपल्या घरात मी करतो.

कापडदुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तू एका बाजूला प्रश्न लिहिलास, मागं उत्तर. मला इंग्रजी येत नाही म्हणून सगळं मराठीत. सुट्टीभर मी विचारायचो आणि चुकलास की पाठीत छडी. आबांनी पाढ्यांवरून मला असंच फोडून काढलं होतं, दुसरी रीत मला ठाऊक नाही. तुझे वळ बघून वहिनीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू गेल्यावरही मी रोज पाच कार्डं खिशात घालून पाठ करायचो. विचारणाऱ्यालाच उत्तर येऊ नये, याची लाज वाटायची.

मंगळवारी आपल्या चुलत्याच्या ज्ञानूनं आपल्या ऐनाच्या झाडांची टहाळी तोडून स्वतःच्या भाताच्या वाफ्यावर राब भाजायला पसरली. आता आपला वाफा कशानं भाजायचा, भाताची रोपं कशावर टाकायची? आबा विचारायला गेले, तर त्यानं काठीनं त्यांचं डोकं फोडलं. मी धावत गेलो. त्याचं नाक फोडलं, दात पाडले, तरी राग जाईना म्हणून कमरेचा सुरा छातीत घातला. खरं सांगतो, घालताना बरं वाटलं.

मग त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. रक्त बाहेर फारसं येत नव्हतं. हीच लक्षणं लिहिलेलं तुझं कार्ड नेमकं खिशात होतं. त्याला पाठीवर घेऊन मी दुधाचा टेम्पो अडवला. वाटेत तो पुटपुटला, "तूच मारलंस, आन् आता कुठं नेतुयास?" डोळे मिटू नयेत म्हणून त्याच्या थोबाडीत दिली. वेल्ह्याचा डॉक्टर जखम शिवायला निघाला, तेव्हा त्याची कॉलर धरून रक्तानं माखलेलं कार्ड त्याच्यापुढं केलं. त्यानं ठोके ऐकले आणि लांब सुई घातली. ज्ञानू जगलाय. आबाही उठून बसतात.

लिहायचं कारण वेगळंच. दादा कोठडीत आहे, जामिनाला ये, अशी तार तुला येईल. येऊ नकोस. सुरा मी मारला, असा जबाब मी दिलाय. तू परीक्षेला बस, नाहीतर सुटून आल्यावर छडी आहेच. ते कार्ड सुऱ्याबरोबर मुद्देमालात जमा झालंय, म्हणून इथं उतरवतो. प्रश्न: छातीत वार, मानेच्या शिरा फुगलेल्या, ठोके दबलेले, रक्तदाब उतरलेला. उत्तर: हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलंय. सुईनं काढा. थांबू नका.

तुझाच, छडीवाला दादा,
कुंडलिक