आडाचं आडवं बोअर

सोम. ९ फेब्रु.
न्हाई, मी मशीनच्या आडवा गेलो न्हाई. कावून जाऊ? रस्ता न फोडता गटाराचा पाइप जमिनीखालनं घालत्यात, चांगलंच हाय. गल्लीच्या तोंडाला एक खड्डा, पाराजवळ दुसरा. मधी मशीन नळ्या ढकलती. वर एक मानूस डबा घेऊन चालतो, खाली टोक कुठवर गेलं ते डबा सांगतो. मी आन माज्या जोडीदारानं, बाबूनं, उभी जिंदगी विहिरीत उतरून पान्याच्या झऱ्यापातुर आडवी बोअरं मारली. ह्यांची मशीन मोठी, अक्कल तीच.
बघाया गेलतो. बाबू तिथंच, ठेकेदाराची पिवळी टोपी घालून. गल्लीत जमिनीखाली काय-काय हाय ते दाखवाया त्याला ठेवलाय. म्हनलं, "टोपीत डोकं हाय का बे?" म्हनला, "तुज्यापरीस जास्त." हसला. पर माज्याकडं बघून न्हाई.

बुध. ११
सकाळी बायकूनं, शांतानं, आडातनं पयली बादली काढली. करडं पानी, बुळबुळीत. "साबन कुनी टाकला वो आडात?" बोटानं चोळून बघितलं. साबन न्हाई. नळ्या सरकाव्या म्हनून मशीनच्या पान्यात कालवत्यात तीच माती.
दोरीला विजेरी बांधून खाली सोडली. अठरा फुटावर, रस्त्याच्या अंगाला, आमच्या आडव्या बोअरच्या तोंडातनं चिखल गळतोय. हे बोअर मी आन बाबूनंच मारलेलं, रस्त्याखालनं पार पलीकडच्या कडेपातुर. त्याच्यावरच आड उन्हाळा काढतो. बारा घरं पित्यात. मशीननं ते मधीच छेदलं. आता त्याच भोकातनं गटाराचा पाइप मागं वढून घेनार. वर्सा-दोन वर्सानं पाइप गळला की घान सरळ—

जेवलो न्हाई.

गुरु. १२
गटाराच्या कामावरच्या इंजिनियर बाईकडं गेलो. तिनं कागद काढला. "काका, सर्वेच्या वेळी विचारलं होतं, घरी बोअर आहे का. तुम्ही नाही म्हणालात. ही तुमचीच सही."
सही माजीच. पर बोअर म्हंजी उभं, मोटर सोडलेलं. ते माज्याकडं न्हाई. आडाच्या पोटात हाय ते आडवं. त्याला कोन बोअर म्हनून मोजतं? "आडाला आडवं मारलंय का" म्हनून इचारलं असतं तर फुटासकट सांगितलं असतं. बाई शहरातली, तिला काय ठावं.
आता येतंय ध्यानात. सर्वेच्या दिवशी मोजनीच्या टेपचं दुसरं टोक बाबूच्या हातात हुतं. त्याला दोनी जातीची बोअरं कळत्यात. मी न्हाई म्हनलो तवा त्यानं मान खाली घातली. मला वाटलं टेप वाचतोय.

शनि. १४
बाबूच्या घरी. रस्त्याच्या पलीकडं, नवा स्लॅब. भावजयनं च्या ठेवला. घेतला न्हाई.
"कावून बोलला न्हाईस?"
"तूच न्हाई म्हनलास की, नाना."
"मी चुकलो. तू चुकून गप बसला न्हाईस."
मग म्हनला, "बोअर हाय म्हनलं असतं तर लाइन माज्या बाजूनं वळवली असती. घराखालनं. माजा पाया कच्चा हाय, तुला काय सांगू."
खरं हाय. त्या पायाच्या खड्ड्यात मीच उतरून सांगितलं हुतं, माती भरावाची हाय, अजून खाली जा. गेला न्हाई.
विहिरीत मी पालथा पडून मशीन धरायचो, दोर वर बाबूकडं. धर्मापुरीच्या विहिरीत कड ढासळली तवा मी दोराला दोन झटके दिले, एकट्यानं मला वढून काढलं त्यानं. आमच्यात रिवाजच हाय, खालच्याला इचारल्याबिगर वरच्यानं दोर सोडायचा न्हाई. मुताया जायचं असलं तरी हाक मारायची. सर्वेला त्यानं हाक मारली न्हाई.

रवि. १५
शिवरात्र. काम बंद. उपास. वडवणीच्या पाव्हन्याचा फोन, परळीला येता का. न्हाई म्हनलं.
बाया घागरी घेऊन आल्या आन तशाच माघारी गेल्या. शेजारची सलमाबी म्हनली, "नाना, दुनियाच्या विहिरी केल्या, घरच्या आडाकडं नजर न्हाई ठेवली व्हय?" तिचा काय गुन्हा.
बाबूच्या दारावरनं गेलो. त्यानं हात केला. मी न्हाई.

मंगळ. १७
बाई स्वताहून आल्या. वाकून आडात बघितलं, साडीला चिखल लागला तरी कुरकुर न्हाई. म्हनल्या, "वरचे साहेब म्हणतील हे भोक आत्ता मशीननंच पडलं, बुजवलं की झालं. आधीपासूनचं होतं याचा एक साक्षीदार द्या. मी लाइन सरकवायचं लिहून पाठवते. नाहीतर शुक्रवारी पाइप ओढतील. माझ्या हातात राहणार नाही."
साक्षीदार एकच. आडाच्या काठावर दोर धरनारा.
शांताला म्हनलं, त्याच्या पाया पडनार न्हाई. ती म्हनली, "मग काय गटाराच्या पडता?"

गुरु. १९
सांजच्याला बाबू आला, साक्षीचं कामावर कळलं असनार. टोपी न्हाई. बस म्हनलं न्हाई, बसला न्हाई.
"साक्ष देतो. माज्या घराचं हुईल ते हुईल. पर तू बी एक म्हन. सर्वेच्या दिवशी मी सांगितलं हुतं, बाईकडनंच लिवायचं ऱ्हायलं."
"तू सांगितलं हुतंस?"
"नाना, न्हाईतर मला कामावरनं हाकलत्यात. गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई. तुजा आड वाचतोय न्हवं?"
म्हंजी ह्याची इज्जत वाचली, आड वाचला, आन खापर बाईवर. साऱ्या कचेरीत माजं ऐकून घेनारी ती एकटीच. नोकरी नवी. चुकली असली तर एका शब्दात चुकली, आन त्या शब्दाला मी बी चुकलो.
शांता आतनं म्हनली, "म्हना की वो. बारा घरं हायती."
बाबू उंबऱ्यावर उभा. मी विळा घेऊन दाव्याची गाठ कापीत बसलो. कापायची न्हवती. गेला मग.
उद्या नवाला बाई येनार, तो बी येनार. तो तसं म्हनला की ती मला पयला सवाल हाच करनार, त्या दिवशी ह्यांनी सांगितलं होतं का?
काय बोलनार ते शांताला सांगितलं न्हाई. हितं बी लिवनार न्हाई. बास.