चहाच्या पुड्यातली आत्या

कोचकोर, ३ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास अ. उ. आ.

पत्र मिनीबसवाल्याच्या हातून पाठवते आहे. फोन केला असता, पण माझा आवाज चढला की तुझी लाइन नेमकी जाते. कागदाची जात नाही.

मी बरी आहे. म्हणजे परवापर्यंत होते. परवा शाळेच्या खानावळीत सूप वाढत होते, तर तिसरीतली एक पोरगी माझ्याकडे बघे, मुठीत बघे, पुन्हा माझ्याकडे. मूठ उघडायला लावली. आत मी! अंगठ्याएवढी. कपाळाला आठ्या, वरचा एक दात सोन्याचा, जाकिटाला चार बटणं काळी नि एक हिरवं, आणि हातात डोक्याच्या वर उगारलेला डाव.

तू बिश्केकला खेळण्यांचे साचे घडवतोस हे मी गावभर मिरवलं होतं. कुणाचे घडवतोस, एवढं विचारायचं राहून गेलं. चहाच्या पुड्यात एकेक, असे बारा नग म्हणे. घोडा हसतो, मेंढी हसते, नवरी हसते, चहा उकळायचा समोवारसुद्धा हसतो. खेकसते ती मी एकटी. नाव काय, तर कटकटी आजी. अरे, अठ्ठावन्नाव्या वर्षी मला परस्पर आजी करून टाकलीस!

गावाला चहाचं खूळ लागलंय. पुडा फोडायचा, खेळणं काढायचं, चहा पोत्यात ओतायचा. शेजारीण म्हणते, आता मेंढ्यांनाच पाजते. मुख्याध्यापिका बाईंनी मला टेबलावर मांडलंय. मी आत गेले की सगळ्या मास्तरांना एकदम खोकला येतो. शिवाय तुम्ही मला कमी बनवलंत, म्हणून पोरांच्या अदलाबदलीत माझा भाव सात घोडे. आयुष्यात पहिल्यांदा किंमत आली, ती अशी.

तुझ्या लग्नाला यायचं की नाही, ते आता ठरवावं लागेल. लोक नवरी सोडून मला बघत बसतील.

आशीर्वाद आहेतच, यावेळी जरा कमी.
तुझी सायकाल आत्या

बिश्केक, ९ ऑक्टोबर

ती. सायकाल आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. आत्या, अगं, ती तू नव्हेस. ती कुणीही आजी आहे. सोन्याचा दात अर्ध्या देशाला आहे. हिरव्या बटणाचं म्हणशील तर रंगवणाऱ्या मुलीकडचा काळा रंग संपला होता.

आणि तुझी तक्रार आपोआप मिटणार आहे. आमच्या साहेबांकडे पालकांची पत्रं आली आहेत, की आपल्या वडीलधाऱ्या बायका अशा नसतात, मुलांवर वाईट संस्कार होतात. साहेब म्हणाले की पुढच्या खेपेला आजीला हसवा, डाव काढा, हातात रोटीची थाळी द्या. मी हो म्हणालो. म्हणजे तुला ओळखण्याची कुणाची बिशाद नाही.

तुझी होणारी सून नुरझात तुला नमस्कार सांगते. तू आली नाहीस तर लग्नात मला रागवायला माझ्या बाजूचं कुणीच नसेल.

पाठीवर हात असू द्यावा, पाठीत नको.
तुझा एर्मेक

कोचकोर, १४ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास अ. उ. आ.

काळा रंग संपला होता काय? ते बटण चौथीत असताना तूच शिवून दिलं होतंस, बोटाला तीनदा सुई टोचून घेऊन.

आणि मला हसवणारे तुझे साहेब कोण? तीस वर्षं या गावच्या पोरांना मी दटावून दटावून सूप पाजलं, तेव्हा ती वाढली. न विचारता माझं तोंड घेतलंस, आता न विचारता बदलणार! आणि तू हो म्हणालास. साहेबांनी उद्या घोड्याला शिंगं लाव म्हटलं, तरी लावशील.

पण खरं लागलं ते वेगळंच. मी तुझ्यावर कधी हात उगारला? आठवून सांग. गाव आता म्हणतं, बिचाऱ्या पोरक्या पोराला हिनं झोडपून वाढवलं. मुख्याध्यापिका बाईंनी तर तोंडावर विचारलं. मी म्हटलं, ज्यानं घडवलीय त्यालाच विचारते.

याचं खरं उत्तर येईपर्यंत लग्नाचं विचारू नकोस.
सायकाल

बिश्केक, २० ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ती तूच आहेस. बाकीच्या अकरांसाठी मी फोटो बघितले, तुझ्यासाठी एकही लागला नाही.

तू कधीच मारलं नाहीस. मी सहा वर्षांचा होतो. बाबा आधीच गेले होते, आईला पुरून तीन दिवस झाले होते, आणि थोरले काका मला तालासला न्यायला आले. तू चुलीपाशी होतीस. एकदम उठलीस आणि दारात आडवी उभी राहिलीस, हातात डाव तसाच, सूप बाहीवरून गळतंय. स्वतःच्या थोरल्या भावाला तू म्हणालीस की पोराला हात लावून तर बघ. मी तुझ्या मागे होतो, तुझा झगा धरून. डाव माझ्यावर नव्हता, माझ्यासाठी होता. आजीचा साचा करायला बसलो आणि हात आपोआप तिकडे गेला.

काल साहेबांना सांगितलं की मी तिला हसवणार नाही. ते म्हणाले, मग आजीच नको. साचा मोडला. मला आता मेंढ्यांच्या शेपट्या घडवायला बसवलंय. नुरझात म्हणाली की शाबास.

माफ केलंस तर तसं कळव, नाही केलंस तरी कळव.
तुझा एर्मेक

कोचकोर, २६ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास अनेक, पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र मुख्याध्यापिका बाईंना वाचून दाखवलं, सगळ्या मास्तरांसमोर. कुणी खोकलं नाही.

आता माझंही ऐक. त्या दिवशी तुझी पिशवी मीच भरली होती. काका आपणहून आले नव्हते, मी बोलावले होते. नारीनच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरत होतं आणि त्यांना पोर नको होतं. मी हो म्हटलं होतं. मग सूप ढवळताना मागे वळले, तर तू पिशवीतून तुझे मोजे काढून पुन्हा खुंटीला अडकवत होतास, मुकाट्यानं, एकेक. पुढचं तुला ठाऊक आहे. मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. त्याचं दुःख कधी झालं नाही. पिशवी भरल्याचं अजून होतं.

तेव्हा लग्नाला दोन दिवस आधी येते. शहरातल्या आचाऱ्यांवर माझा भरवसा नाही. साचा मोडला याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कारण तो चुकलाच होता. तू मागे होतास, तुला माझं तोंड दिसलं नाही. मी चिडले नव्हते रे, रडत होते.

तुझीच,
सायकाल आत्या